तोरणाखालचे गाणे आणि विधानभवनाची पायरी

२२ सप्टेंबर १९८५ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, शॅम्पेन येथील विद्यापीठाच्या मैदानावर सुमारे ऐंशी हजार माणसे गाणी ऐकायला जमली होती, आणि त्या गाण्यांतून उभा राहिलेला पैसा कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांसाठी होता. त्या दिवसाला सहा महिने पूर्ण होण्याच्या आत, १९ मार्च १९८६ रोजी, यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह पवनारजवळ जीवनयात्रा संपवली. महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांचा हिशेब ज्या घटनेपासून मांडला जातो ती ही घटना, आणि २०१७ पासून किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेवरून गावोगावची माणसे दर १९ मार्चला अन्नत्याग करून तिचे स्मरण ठेवतात.

या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरीही त्या मी शेजारी ठेवतो, कारण पहिल्या घटनेत ज्यांनी शेतकऱ्याचे कर्ज रंगमंचावर आणले त्यांनी ते ओझे चाळीस वर्षे खाली ठेवलेले नाही, आणि दुसरी घटना जिथे घडली त्या आपल्या मुलखात शेतकऱ्यासाठी डोळे ओले करणारी गाणी पुष्कळ झाली, पण गाणे संपल्यावर सुरू होणारे काम फारसे उभे राहिले नाही. विदर्भातील कलावंतांनी, भजनी मंडळांनी आणि नाट्यमंडळांनी मिळून शेतकऱ्याच्या कर्जाच्या प्रश्नावर कायमची यंत्रणा उभी करावी आणि तिचा आवाज थेट विधिमंडळापर्यंत न्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी मी एका रॉक गायकाचे आयुष्य पुढे ठेवणार आहे. त्याचे नाव जॉन मेलनकॅम्प.

मेलनकॅम्पचा जन्म ७ ऑक्टोबर १९५१ रोजी इंडियाना राज्यातील सीमोर या लहानशा गावात झाला. पाठीच्या कण्यात जन्मतःच दोष होता, आणि तान्हे असतानाच त्याच्यावर अवघड शस्त्रक्रिया करावी लागली. शाळकरी वयात तो गावातल्या बँडमध्ये गाऊ लागला, विशीच्या आत लग्न करून बाप झाला, पडेल ती नोकरी केली आणि विशीच्या मध्यावर आपल्या गाण्यांच्या फिती घेऊन न्यूयॉर्कला गेला. तिथे ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीचे व्यवस्थापन पाहिलेल्या टोनी डीफ्रीझने त्याला हाताशी धरले. १९७६ मध्ये पहिला अल्बम बाजारात आला तेव्हा मुखपृष्ठावर ‘जॉनी कूगर’ असे नाव छापलेले होते. मेलनकॅम्प हे जर्मन वळणाचे आडनाव खपणार नाही असे व्यवस्थापकाने परस्पर ठरवून टाकले होते. अल्बम आपटला आणि कंपनीने त्याला वाऱ्यावर सोडले. पुढे १९८२ मध्ये त्याचा एक अल्बम आणि त्यातले एक गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, तेव्हा कुठे त्याच्या शब्दाला किंमत आली. त्या बळावर १९८३ मध्ये त्याने खोट्या नावाला आपले खरे आडनाव जोडले, आणि १९९१ मध्ये खोटे नाव कायमचे टाकून दिले. आपल्या बापाचे आडनाव परत मिळवायला या माणसाला पंधरा वर्षे लागली.

यशानंतर त्याने जे केले ते माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. न्यूयॉर्क किंवा लॉस एंजलिसला बिऱ्हाड हलवण्याऐवजी तो इंडियानातच, ब्लूमिंग्टनच्या परिसरात राहिला, तिथेच जवळच्या बेलमाँट या वस्तीत त्याने स्टुडिओ उभारला आणि अमेरिकाभर गाजलेली गाणी त्या आडगावी ध्वनिमुद्रित केली. मका आणि सोयाबीनच्या शेतांनी वेढलेल्या मुलखात तो राहत होता, म्हणूनच १९८० नंतर आजूबाजूच्या शेतांवर लिलावाच्या पाट्या लागू लागल्या तेव्हा ती त्याला वर्तमानपत्रातील बातमी वाटली नाही. ज्यांच्या सोबत तो वाढला होता त्यांच्याच घरांवर ती वेळ आली होती.

आपल्याकडे काय होते ते पाहावे. अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ भागातील गाता गळा आणि नकलेचे अंग असलेली मुले-मुली संधीसाठी पुण्या-मुंबईला जातात. पोट भरण्यासाठी गेलेल्यांना मी कधीही दोष देणार नाही. पण तिथे पोहोचल्यावर पहिली अट असते ती बोली सोडण्याची, आणि वऱ्हाडी बोली पडद्यावर आलीच तर बहुधा हसे पिकवण्यासाठी येते. ज्या बोलीत या मुलखाने कर्ज, दुष्काळ आणि मरण सोसले, ती बोली विनोदी पात्राच्या तोंडी घालून तिच्यातले दुःख बोथट केले जाते याचा मला संताप येतो. मेलनकॅम्पवर लादलेले नाव आणि आपल्या मुलांकडून सोडवून घेतलेली बोली यांमागे बाजाराचा एकच हिशेब आहे, की गाव विकायचे असेल तर आधी त्यातला गावपणा काढून टाकावा. त्या हिशेबाला नकार देता येतो आणि नकार देऊनही लोकप्रिय होता येते, एवढे तरी या गायकाच्या कारकिर्दीने सिद्ध केले.

अमेरिकेतील शेतीचे ते संकट कसे आले हे समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. १९७० च्या दशकात रशियाला धान्य निर्यात होऊ लागले, भाव चढले, आणि तेव्हाचे कृषिमंत्री अर्ल बट्झ यांनी शेतकऱ्यांना बांधापासून बांधापर्यंत पेरा करण्यास सांगितले. जमिनीचे भाव वाढत होते, त्या भावाच्या तारणावर बँका हसतमुखाने कर्ज देत होत्या, आणि शेतकऱ्यांनी नव्या जमिनी व मोठी यंत्रे घेतली. मग १९७९ पासून महागाई रोखण्यासाठी तेथील मध्यवर्ती बँकेने व्याजाचे दर इतके चढू दिले की बँकांचा मूळ कर्जदर काही काळ वीस टक्क्यांच्या वर गेला, १९८० मध्ये रशियाला धान्य विकण्यावर सरकारनेच निर्बंध घातले, आणि भाव कोसळले. आयोवा राज्यात १९८१ ते १९८६ या पाच वर्षांत शेतजमिनीची किंमत साठ टक्क्यांहून अधिक उतरली. ज्या जमिनीच्या भरवशावर कर्ज घेतले तिचीच किंमत कर्जापेक्षा कमी झाली. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली शेते लिलावात निघाली, आणि कित्येक शेतकऱ्यांनी तिथेही स्वतःला संपवले.

आपल्या कोरडवाहू कापूसवाल्याची गोष्ट तपशिलात वेगळी आहे. इथे शेकडो एकरांची शेते नाहीत, जमीन कवडीमोल झाल्यामुळे कोणी बुडाले नाही, आणि ओलिताअभावी अर्धा डाव पावसाच्या हाती असतो. बियाणे, खत आणि फवारणीचा वाढता खर्च, कापसाचे पडते भाव, बोंडअळी, आणि बँकेने दार लावल्यावर उघडणारे सावकाराचे दार ही आपली साखळी आहे. साम्य आहे ते एका ठिकाणी. दोन्हीकडे धोरण दुसऱ्याने ठरवले, कर्ज शेतकऱ्याच्या नावावर चढले, आणि ते फिटले नाही तेव्हा शेतकऱ्याने ते स्वतःचे अपयश मानले. ही शरम मोडण्याचे सामर्थ्य माझ्या मते सरकारी परिपत्रकात नाही. ते गाण्यात आहे.

मेलनकॅम्पने १९८५ मध्ये तसे गाणे लिहिले. ‘रेन ऑन द स्केअरक्रो’ हे ते गाणे, आणि त्याच्या लेखनात त्याला साथ होती सीमोरच्याच बालमित्राची, जॉर्ज ग्रीनची. गाण्यात एक तरुण शेतकरी बोलतो. आजोबांनी साफ केलेली, बापाने राखलेली जमीन बँक घेऊन जाते, आणि लिलाव पुकारायला येतो तो त्याचा जुना मित्रच, जो म्हणतो की हे माझे काम आहे, मनावर घेऊ नकोस. मला या गाण्यातील सर्वांत खरी जागा हीच वाटते. ज्याने जप्ती पाहिली आहे त्याला ठाऊक असते की पंचनाम्यावर सही करणारा तलाठी, वसुलीला येणारा सोसायटीचा सचिव आणि पंच म्हणून उभे केलेले शेजारी यांपैकी कोणीही परका नसतो, आणि म्हणूनच त्या दिवशी घरातील माणूस मान वर करू शकत नाही.

त्याच वर्षी १३ जुलैला इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी ‘लाइव्ह एड’ हा प्रचंड कार्यक्रम झाला. त्याच्या फिलाडेल्फियातील मंचावरून गायक बॉब डिलन बोलून गेला की यातले थोडे पैसे आपल्याकडच्या शेतकऱ्यांचे गहाणखत सोडवायला वापरता आले तर बरे होईल. आयोजकांना ते रुचले नाही, आणि त्यांचे म्हणणेही अगदीच चूक नव्हते, कारण भुकेने मरणे आणि जमीन जाणे यांना एका पारड्यात टाकता येत नाही. पण विली नेल्सन या ज्येष्ठ गायकाने ते वाक्य उचलले, गायक नील यंग आणि मेलनकॅम्प यांना सोबत घेतले आणि दहा आठवड्यांत शॅम्पेनचा कार्यक्रम उभा केला. त्याचे नाव ‘फार्म एड’. पहिल्याच वर्षी सत्तर लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याकडेही घडू शकते आणि घडतेही. मोठे कलावंत येतात, मैदान भरते, धनादेश वाटले जातात, छायाचित्रे निघतात आणि मंडप उतरतो. फार्म एडचे वेगळेपण मंडप उतरल्यानंतर सुरू झाले. त्यांनी शेतकऱ्यांसाठी फोनची मदतवाहिनी चालवली, जिथे बँकेची नोटीस आलेल्या माणसाला त्याच्याच भागातील संस्थेशी, कायद्याच्या जाणकाराशी किंवा धीर देणाऱ्या समुपदेशकाशी जोडून दिले जाते. जमलेला पैसा त्यांनी अशा स्थानिक शेतकरी संस्थांना दिला. १९८७ मध्ये नेल्सन आणि मेलनकॅम्प शेतकऱ्यांना घेऊन वॉशिंग्टनला गेले आणि संसदेच्या समितीसमोर शेतकऱ्यांना स्वतःचे म्हणणे मांडता आले. त्याच वर्षी संसदेने शेतीकर्जाचा जो कायदा केला त्यात लिलावाआधी कर्जाच्या पुनर्रचनेचा विचार करण्याचे बंधन सरकारच्या आधारावर चालणाऱ्या शेतीकर्ज संस्थांवर आले, आणि शेतकरी व सावकारी संस्था यांच्यात मध्यस्थी करणाऱ्या राज्यांच्या यंत्रणांना सरकारी पैसा मिळू लागला. कायद्याचे सारे श्रेय दोन गायकांना देणे अन्यायाचे होईल, कारण शेतकरी संघटना त्याआधी कितीतरी वर्षे रस्त्यावर होत्या. पण बंद दारावर कोणाची थाप ऐकू जाते हाही राजकारणाचा भाग असतो. सुरुवातीच्या काळातील मोजकी वर्षे वगळता तो कार्यक्रम दरवर्षी होत राहिला, आणि २०२५ च्या सप्टेंबरात मिनियापोलिस येथे त्याला चाळीस वर्षे झाली तेव्हा मेलनकॅम्प पंचाहत्तरीकडे झुकलेला होता आणि मंचावर होता.

या माणसाला देव्हाऱ्यात बसवावे असे माझे म्हणणे नाही. जाहिरातींना गाणी देणार नाही असे वर्षानुवर्षे सांगणाऱ्या मेलनकॅम्पने २००६ मध्ये एका मोटार कंपनीच्या ट्रकच्या जाहिरातीला गाणे दिले, आणि त्याच्यावर झालेली टीका मला रास्त वाटते. त्याहून मोठा आक्षेप असा की फार्म एड असूनही अमेरिकेतील शेतकरी घटतच गेला. १९८२ च्या कृषिगणनेत तिथे सुमारे २२ लाख ४० हजार शेते होती, २०२२ च्या गणनेत ती १९ लाख उरली. म्हणजे गाण्याने धोरणाची दिशा फिरली नाही. हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. परंतु ज्या कुटुंबाला लिलावाच्या आदल्या महिन्यात वकील मिळाला, ज्या माणसाला रात्री फोनवर कोणीतरी भेटले, त्यांच्या दृष्टीने हिशेब वेगळा आहे. दिशा फिरत नाही तोवर माणसे जगवावी लागतात, आणि जगलेली माणसेच पुढे दिशा फिरवण्यासाठी भांडतात.

आता आपल्या तोरणाकडे येऊ. पोळ्याच्या संध्याकाळी गावाबाहेर आंब्याच्या पानांचे तोरण बांधलेले असते, त्याखाली बैलजोड्या रांगेने उभ्या असतात, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, आणि तोरण तुटण्याआधी झडत्या, म्हणजे सवाल-जवाबासारखी फेकलेली गाणी, सुरू होतात. आमच्या भागात हे काम एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे असते. तो बैलाच्या वशिंडावर हात ठेवून, घसा खाकरून, एकेक झडती अशी फेकतो की समोरच्या रांगेतून लगेच तिला उत्तर येते. त्यात बैलाचे कौतुक असते, पावसाची विनवणी असते, आणि बँकेचा साहेब, काट्यात मारणारा व्यापारी, रखडलेला चुकारा, निवडणुकीत येऊन गेलेला पुढारी यांपैकी कोणाचीही गय नसते. पाटलाची जोडी शेजारीच उभी असते आणि तिच्या मालकावरही झडती पडते, कारण त्या दिवशी ती मुभा आहे. शेवटी ‘एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव’ असा पुकारा होतो, तोरण तुटते, आणि बैल गावाकडे निघतात.

झडती ही आपली निषेधाची कविता आहे आणि तिच्यात रॉक संगीताइतकाच धगधगीत राग आहे असे मी पूर्ण विचारांती म्हणतो. तिची कमतरता एवढीच की ती तोरणापाशी थांबते. ज्याच्यावर झडती पडली तो साहेब तिथे नसतो. आपण पेरतो आणि डवरणीला जात नाही, अशी आपल्या गाण्यांची गत झाली आहे.

गाण्यामागे काम उभे करण्याची रीत आपल्याला परकी आहे असे मात्र कोणी म्हणू नये. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा दिवसा खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तनात कर्ज काढून सण करणाऱ्याला, नवसाला बोकड कापणाऱ्याला खडे सवाल करीत. त्या कीर्तनांच्या बळावर मिळालेल्या लोकवर्गणीतून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, शाळा आणि वसतिगृहे निघाली, आणि स्वतः बाबा अंगावर चिंध्या घेऊन १९५६ मध्ये गेले. त्याच जिल्ह्यातील यावलीचे तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन गावोगाव फिरले, १९४२ च्या चळवळीत तुरुंगात गेले, आणि मोझरीला गुरुकुंज उभारून त्यांनी गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा खेड्यापाड्यांत पोहोचवल्या. त्यांचे भजन ऐकलेला माणूस दुसऱ्या दिवशी ग्रामसफाईला आणि सामुदायिक प्रार्थनेला हजर असे, कारण भजनाच्या मागे मंडळ होते. एकट्या खंजिरीवर लाखाच्या सभा शांत बसवणारा हा गायक आणि गिटार घेऊन मैदान भरणारा तो गायक यांची तुलना काहींना खटकेल. मला ती खटकत नाही. दोघांनीही लोकांनी दिलेले कान लोकांच्याच कामी लावले.

गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा आजही आहेत, गावोगावी भजनी मंडळे आहेत, भीमजयंतीला गाणारे गायक आणि कव्वाल आहेत, आणि पूर्वेला झाडीपट्टी रंगभूमी आहे, जिच्याइतकी जिवंत लोकाश्रयी रंगभूमी महाराष्ट्रात क्वचितच असेल. दिवाळी झाली, धान घरात आले की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत होळीपर्यंत रात्र-रात्र नाटके होतात. देसाईगंज म्हणजे वडसा हे नाट्यमंडळांचे ठाणे, तिथून गाड्या निघतात, गावचे मंडळ प्रयोग ठरवते, तिकिटे विकते, आणि वादक मंचासमोर बसून गाण्याला जिवंत साथ करतात. सरकारच्या अनुदानाची वाट न पाहता ही रंगभूमी पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबईकडच्या कित्येकांनी तिचे नाव पहिल्यांदा ऐकले असेल. रात्रीच्या थंडीत घोंगडी-ब्लँकेट गुंडाळून, बायका-मुलांसह, पैसे मोजून बसलेला हा प्रेक्षक शेतकरीच असतो. त्याच्याशी बोलण्यासाठी याहून चांगली जागा कोणत्या मंत्र्याला मिळणार आहे?

यावर पहिली हरकत अशी घेतली जाईल की झाडीपट्टीचा कलावंत स्वतःच हातावर पोट असलेला आहे, तो दुसऱ्याला काय देणार. कलावंताने खिशातून द्यावे असे मी म्हणतच नाही. त्याच्याकडे कान आहेत, आणि पैशापेक्षा ते दुर्मीळ आहेत. दुसरी हरकत, हे काम सरकारचे आहे. आहेच. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले, नंतर केंद्राची आणि राज्याची कर्जमाफी झाली, समुपदेशनासाठी आरोग्य खात्याचा प्रेरणा प्रकल्प आला, आणि तरी मरणे थांबली नाहीत. सरकारचे पैसे ज्या चाळणीतून खाली येतात तिची भोके कोणाच्या मापाची आहेत हे विचारणारा आवाज गावात हवा. तिसरी हरकत राजकारणाची. गाणाऱ्याने भूमिका घेतली की त्याला पक्षाचा शिक्का बसतो, पुढच्या वर्षी मंडप मिळत नाही. ही भीती खोटी नाही, आणि एकट्या कलावंताने ती सोसावी असे सांगण्याचा मला अधिकार नाही. म्हणूनच संघटित यंत्रणा हवी, जिथे एकाचे नाव पुढे राहणार नाही. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी २०१५ मध्ये ‘नाम’ फाउंडेशन काढून मृत शेतकऱ्यांच्या कुटुंबांना मदतीचा हात दिला, ते काम आदरास पात्र आहे. माझा आग्रह एवढाच आहे की मदत माणूस गेल्यावर पोहोचण्याऐवजी नोटीस आल्यावर पोहोचावी, आणि ती इथल्या मातीतल्या मंडळांनी पोहोचवावी.

नोटीस येते तेव्हा घरात काय घडते हे बाहेरच्यांना कळत नाही. इंग्रजाळलेल्या कायदेशीर मराठीत लिहिलेला तो कागद पोस्टमन देतो, पोरगा वाचून दाखवतो, आणि बाप तो घडी करून देवाच्या फोटोमागे खोचतो. त्यावर उत्तर द्यायचे असते, मुदत असते, तडजोडीची सोय असते, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नसते. सोसायटीत कर्जाचे नवं-जुनं करून एक वर्ष ढकलायचे, बँकेने सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या पतीचा आकडा, दाखवून परत पाठवले की सावकाराकडे जायचे, एवढाच रस्ता माहीत असतो. बेकायदा सावकाराने बळकावलेली जमीन महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली, जिल्हा उपनिबंधकाच्या चौकशीनंतर परत मिळू शकते. हा कायदा २०१४ चा आहे. तो झडतीत किती वेळा ऐकला? आत्महत्येनंतर मिळणाऱ्या एक लाख रुपयांसाठी प्रकरण पात्र की अपात्र हे ठरवताना जमीन कोणाच्या नावावर आणि कर्ज कुठले हे पाहिले जाते. सातबारा सासऱ्याच्या नावावर आणि कर्ज सावकाराचे असले की तरुण विधवेच्या अर्जावर अपात्र असा शेरा पडतो, आणि तिला तो शेरा म्हणजे नवऱ्याच्या मरणाचीच बेअब्रू वाटते. या गोष्टी पत्रकात छापून कोणी वाचणार नाही. नाटकाच्या दोन अंकांच्या मधल्या वेळेत दहा मिनिटे, खंजिरीच्या ठेक्यावर, वऱ्हाडीत किंवा झाडीबोलीत सांगितल्या तर घरोघरी पोहोचतील, आणि सोबत एक फोन क्रमांक दिला तर फोटोमागची नोटीस बाहेर निघेल. तो फोन उचलायला तालुक्याचे दोन-चार वकील, निवृत्त बँक कर्मचारी आणि शिक्षक मिळणे अवघड नाही. आज ते विखुरलेले आहेत, त्यांना बोलावणारे कोणी नाही.

यातूनच विधानभवनापर्यंतचा रस्ता निघतो. नागपूर करारामुळे दर हिवाळ्यात विधिमंडळ आपल्या दारात येते. मोर्चे निघतात, पोलिसांच्या कठड्यांपाशी अडवले जातात, शिष्टमंडळ आत जाते, मंत्री निवेदन घेतात, आणि संध्याकाळी सगळे गाडी पकडून गावी परततात. निवेदनाला उत्तर देण्याचे बंधन कोणावरही नसते. त्याऐवजी विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीचा मार्ग धरावा. मदतवाहिनीवर वर्षभर आलेल्या प्रकरणांतून, संबंधितांच्या संमतीने, नाव-गाव-गट क्रमांकासह तपशील तयार करावेत, आणि समितीपुढे शेतकऱ्यांची, विशेषतः अपात्र ठरलेल्या विधवांची, साक्ष व्हावी अशी मागणी आमदारांमार्फत लावून धरावी. गायकांनी आणि नटांनी त्यांच्यासोबत जावे, मागे उभे राहावे आणि बोलू त्यांनाच द्यावे. वॉशिंग्टनमध्ये ते दोन गायक शेतकऱ्यांना असेच सोबत घेऊन गेले होते, आणि त्यांच्या कारकिर्दीतील माझ्या लेखी ती सर्वांत मोठी मैफल होती.

सुरुवात कुठून करावी याचे उत्तर हंगामच देतो. झाडीपट्टीचे प्रयोग दिवाळीनंतर सुरू होतात आणि अधिवेशन बहुधा डिसेंबरात असते. त्या मधल्या आठवड्यांत नाट्यमंडळांनी आणि पश्चिम विदर्भातील भजनी मंडळांनी एकमेकांच्या गावी जावे, कारण रंगमंच धानपट्ट्यात आहे आणि कर्जाचा सर्वांत मोठा घाव कापूसपट्ट्याला बसला आहे, आणि ही दोन विदर्भे एकमेकांना फार कमी ओळखतात. प्रत्येक प्रयोगाच्या तिकिटातून ठरावीक छोटी रक्कम मदतवाहिनीसाठी बाजूला काढावी. त्या पैशाचा जमाखर्च ज्या गावात तो जमला तिथल्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, किती फोन आले, किती नोटिसांना उत्तर दिले, किती प्रकरणे समितीकडे गेली हे त्याखाली लिहावे, आणि पुढच्या हंगामात त्याच मंचावरून, पडदा उघडण्याआधी, ते वाचून दाखवावे.